सिस्टरनं दिलेली ताकदीची पावडर

सेवेतले पुष्कळ गुन्हे आता विस्मरणात गेले. ही घटना मात्र काल घडल्यासारखी समोर उभी राहते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आलापल्लीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि सरकारी दवाखान्यातून मेमो आला. ड्यूटीवरची एक तरुण परिचारिका कोसळली होती. गेलो, तर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"ही बरेच महिने ताकदीची पावडर घेत होती. डबा संपला आणि चार दिवसांत ही अवस्था. पावडरीत स्टेरॉइड असावं, असा माझा संशय आहे. ते अचानक थांबलं की माणूस असा कोसळतो."

चौकशी केली, तेव्हा निम्मा स्टाफ ती पावडर घेत असल्याचं कळलं. डबल ड्यूटी, पायी दौरे, थकवा. रोग्यांना 'मनानं औषध घेऊ नका' सांगणारी माणसं बिनलेबलाच्या डब्यातली पावडर दुधात ढवळून पीत होती. झाडूवाली बाई म्हणाली, "साहेब, साऱ्या सिस्टरचे गाल फुगून राह्यले. मले वाटलं, सुखाचं अंग हाये."

डबे यायचे एका ज्येष्ठ सिस्टरकडून. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून महिला शिपाई घेऊन तिच्या क्वार्टरवर गेलो.

"टॉनिक हाये साहेब, जडीबुटीचं. मी स्वतः घेऊन राह्यली. याच्यात गुन्हा काऊन होईल?"

पुरवणाऱ्याचं नाव काही ती सांगेना. पण तिचा आवाज कुठे अडखळत नव्हता. ती लबाड नव्हती, तिचा त्या पावडरीवर खरोखर विश्वास होता. अशा माणसावर दमदाटी चालत नाही, त्याच्यापुढे पुरावाच ठेवावा लागतो. मी दोन डबे पंचनामा करून सील केले आणि औषध निरीक्षकांमार्फत तपासणीला पाठवले. अहवाल येईपर्यंत रोज पाठपुरावा केला.

अहवालात स्टेरॉइड निघालं. तो मी तिच्याच हातात दिला. तिनं दोनदा वाचला.

"साहेब, पोटुशी बाईनं घेतली असंन तं?"

"कोणी घेतली?"

"माह्या पोरीनं. सातवा महिना हाये तिचा."

त्यानंतर तिनं काहीच लपवलं नाही. माल चंद्रपूरहून यायचा. तिथल्या एका खोलीवर छापा घातला. औषधं विकत फिरणारा एक जुना विक्रेता स्टेरॉइडच्या गोळ्या दळून सातूच्या पिठात मिसळत होता. मी विचारलं, "दवाखान्यातल्या लोकांनाच का गाठलंस?" तो थंडपणे म्हणाला, "सिस्टर स्वतः घेते म्हटलं, की मंग कोणी काई विचारत नाई."

आरोपी सापडला, पण डॉक्टरांनी बजावलं, "घाबरून लोकांनी पावडर एकदम बंद केली, तर तेही असेच कोसळतील. ती हळूहळूच कमी करावी लागेल. प्रत्येकाला इथं आणा." डबे जंगलातल्या गावांतही पोचले होते. सिस्टर म्हणाली, "मले सारी घरं माहीत हायेत."

तीन दिवस ती आमच्या जीपमधून फिरली. रस्ता संपला की पायी. एका टोल्यावर, चार-दोन घरांच्या वस्तीत, एक गोंड म्हातारी डबा पोटाशी धरून बसली. "तूच तं देल्ली होती बाई!"

"हो माय, मीच देल्ली. चुकी माही हाये. डबा घेऊनच चाल दवाखान्यात माह्यासंगं."

एकही माणूस दगावला नाही. तिच्या पोरीचं बाळंतपणही सुखरूप झालं. सिस्टरवर खात्याची कारवाई झाली, ती तिनं मुकाट्यानं सोसली. खटल्यात तीच मुख्य साक्षीदार होती. आरोपीच्या वकिलानं टोमणा मारला, "इतकी वर्षं दवाखान्यात काढली, तरी तुम्हाला कळलं नाही?"

ती म्हणाली, "नाई कळलं. म्हणूनच साक्षीले आली."

आरोपीला शिक्षा झाली.

माहीतगार माणूस फसत नाही, असं मी तोवर धरून चालत होतो. या तपासानं ते खोडून काढलं. थकलेलं शरीर शिक्षणाला विचारत नाही. आणि अंगावर गणवेश असला, की आपली चूक आपल्यापुरती राहत नाही. लोक ती विश्वासानं घरी घेऊन जातात. ती परत आणायला त्यांच्या दारापर्यंत आपल्यालाच जावं लागतं.