वहिनीच्या कोरफडीची पिल्लं

माझी वहिनी पडदे शिवते. एक टाका वाकडा गेला की अख्खा पडदा उसवून पुन्हा शिवायला बसणारी बाई. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे मी नणंद असून सांगते.

तिच्या आईनं जाण्याआधी तिला एक छोटी, ठिपक्यांची कोरफड दिली होती. ती कुंडी मशीनशेजारच्या खिडकीत असायची. वहिनी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि कोरफड आली दादाच्या ताब्यात. आमचा दादा म्हणजे जीव लावणारा माणूस! सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. वहिनी घरी आली तेव्हा झाड बुडातून लिबलिबीत झालेलं, कुबट वास येत होता.

"टाकून दे, मी दुसरं आणतो," दादा मान खाली घालून म्हणाला.

"दुसरं माझ्या आईनं दिलेलं असणार आहे का?"

पोटाचे टाके अजून ओले. मी ओरडले, "अगं, जिवापेक्षा झाड मोठं का?" पण ऐकेल तर शपथ! तिनं मला कुंडी टेबलावर पालथी करायला लावली, माती झटकली. बुडाशी फुटलेली चार बारकी रोपं, म्हणजे कोरफडीची पिल्लं होती. एक सडलेलंच, आणि सड बाकीच्यांकडे सरकत होती. वहिनीनं ब्लेड स्पिरिटनं पुसून उरलेली तिन्ही पिल्लं मुळं सांभाळत कापून काढली. मोठं झाड कागदात गुंडाळून तिनं स्वतः कचऱ्यात टाकलं. डोळ्यांत टिपूस नाही. रडू फुटलं ते मलाच.

कापलेल्या जागी खपली धरेपर्यंत पिल्लांना माती नाही, आणि लावल्यावरही लगेच पाणी नाही, नाहीतर तीही सडतील, असं वहिनीचं म्हणणं. दादाला हे काही पटेना. "अगं, उपाशी मारतेस त्यांना!" वाळू आणि विटांचा चुरा मिसळून वहिनीनं ती लहान कुंड्यांत लावली, तसा दादा पाण्याचा पेला घेऊन चोरपावलांनी निघालाच. मशीन थांबलं.

"अहो, एक थेंब जरी पडला ना, तर तुमचा चहा बंद!"

पेला त्यानं स्वतःच पिऊन टाकला.

पण पिल्लं सुरकुतली. पानं आत वळली, रंग विटला. शेजारीण बघून म्हणाली, गेली ही. वहिनीचं आपलं सुरूच. पडदे शिवायचे, मध्येच उठून कुंड्या सावलीत सरकवायच्या, पुन्हा मशीनवर बसायचं. मला तिची भीतीच वाटायला लागली. ही पिल्लंही गेली तर काय करेल ही बाई?

एका दुपारी तिनं मला हाक मारली. सगळ्यात बारकं पिल्लू दोन बोटांत धरून हलकेच वर ओढलं. सुटेना. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. एकही सुटेना.

"मूळ धरलंय गं," ती म्हणाली आणि तिथंच बसून हमसून हमसून रडली. आई गेली तेव्हाही इतकी रडली नव्हती.

दादा घाबरून दारातच उभा. पुढं यावं की जावं, त्याला कळेना.

"या इकडे," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "आज पाणी घाला. तुमच्याच हातानं."