फुटात केलेला अभ्यास

परीक्षेच्या नियमांची पुस्तिका दिल्लीहून टपालानं आली तेव्हा मी सगळ्यात आधी वयाचं कलम काढलं. चारदा वाचलं. बोटांवर महिने मोजले. यंदा बसलो तर बसलो, पुढच्या वर्षी माझं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या देशभरातल्या पोरांतून केंद्र सरकार आपले अधिकारी निवडायचं, ती ही परीक्षा. पुस्तिकेची बाकीची पानं मी भराभर उलटली. त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो.

तेव्हा मी अकोल्याला बांधकामाच्या एका सरकारी कचेरीत ओव्हरसिअर होतो, म्हणजे इंजिनिअरच्या हाताखाली मोजमापं घेणारा, आणि तोही टेम्पररी. डिग्री घेऊन ओव्हरसिअर! कारकुनांना त्याची फार मौज वाटायची. "साहेब, तुमी त इंजिनेर ना? मंग आमच्यात काहून बसून राहिले?" असं कोणी ना कोणी दर आठवड्याला विचारायचंच. मी हसायचो. दुसरं काय करणार? दिवसभर सायकलवर कामांच्या जागा फिरायच्या, विटांचे थर मोजायचे, मोजमापाचं पुस्तक भरायचं. अकोल्याचं ऊन म्हणजे काय ते अकोल्यात राहिल्याशिवाय कळत नाही. खोलीवर आलो की पाठ टेकावीशी वाटायची आणि पाठ टेकली की वर्ष गेलं, ही भीती. सकाळी कचेरीच्या आधी दोन तास बसायचो. डोळे पुस्तकावर असायचे, डोकं कुठंच नसायचं. तेव्हाचा मी आठवतो तो असाच, थकलेला आणि चिडलेला.

अभ्यासाला माझ्याकडे सोन्यासारखी एक गोष्ट होती. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढचा एक जण, चांदूर रेल्वेचा, ही परीक्षा पास होऊन मोठ्या हुद्द्यावर गेला होता. जाताना त्यानं आपल्या वह्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका मला देऊन टाकल्या. पास झालेल्या माणसाच्या वह्या! मी त्यांना वारासुद्धा लागू दिला नाही. त्यातली सगळी गणितं फूट, इंच आणि पौंडात होती. कॉलेजातली आमची विलायती पुस्तकंही तशीच. कचेरीतली चालू कामं जुन्या मंजुरीची, म्हणून तीही फुटातच चाललेली. एका घनफूट पाण्याचं वजन साडेबासष्ट पौंड, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. देशात मीटर-किलो आलेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाजारात शेर जाऊन किलो आला होता, मैलाचे दगड बदलत होते. पण एवढी मोठी परीक्षा मापं बदलेल, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

शनिवारी अर्धा दिवस झाला की मी पॅसेंजर पकडायचो. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची छोटी गाडी. मांडीवर वही, खिशात आकडेमोडीची स्लाइड रूल. घरी आई चहा टाकायची आणि वडील ओट्यावर माझी वाट बघत बसलेले असायचे.

वडील गवंडी. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी घरातले देव उतरवले, कोनाडा पुसून काढला आणि त्यात माझी पुस्तकं ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं. एखादं पुस्तक उलटं ठेवलं गेलं तर त्यांना कळायचं नाही, पण धूळ बसलेली लगेच कळायची. मी अधिकारी व्हावं हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं.

त्या वर्षी ते अमरावतीत एका नव्या सरकारी इमारतीवर होते. तिथलं काम नव्या मापात निघालेलं. साइटवर नवा टेप आला आणि वडिलांची झोप उडाली. "नऊ इंची भीत आता तेवीस सेंटीमीटरची झाली म्हन्ते. अरे, भीत तेच, ईट तेच, न् आकडा काहून बदलला बाप्पा?" दर शनिवारी हेच. तीस वर्षं फूट, इंच आणि इंचाचा आठवा भाग ते सूत, यांवर चाललेला हात. नुसत्या नजरेनं भिंतीतला वाकडेपणा ओळखणारा माणूस आता पोरासोरांसमोर चुकत होता. एका शनिवारी ते सरळच म्हणाले, "बाबू, मले हे मीटरचं एक डाव नीट समजावून देतं का? मुकादम हासते माह्यावर."

मी काय म्हणालो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. "बाबा, माही परीक्षा तोंडावर आली न् तुमचं काय? फुटात करा न् कोनाले तरी हिसाब करून मागा." आणि वही उघडली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी वडील बांबूच्या एका काठीवर चाकूनं खाचा पाडत होते. एका अंगाला फूट, दुसऱ्या अंगाला मीटर. मला त्यांनी काही विचारलं नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही. मला आपलं बरं वाटलं, कटकट गेली म्हणून.

परीक्षेचं केंद्र नागपूर. पहिला पेपर हातात आला आणि मी पहिला प्रश्न वाचला. कालव्याची रुंदी मीटरमध्ये. दुसरा वाचला. वजन किलोग्रॅममध्ये. सगळी पानं उलटली. फूट कुठंच नाही. मग मी जे केलं ते फुटात मुरलेला माणूसच करील. मीटरचे फूट केले, किलोचे पौंड केले, माझ्या साडेबासष्टनं गणित सोडवलं आणि उत्तर पुन्हा मीटरमध्ये आणलं. प्रत्येक प्रश्नात. एक घनमीटर पाणी म्हणजे सरळ हजार किलो. नुसती शून्यं लावायची! हे मला ठाऊक होतं हो, पण हाताला ठाऊक नव्हतं. उत्तर आलं तरी ते खरं वाटतंय की नाही हे समजेना. फुटात सांगितलं की मला भिंत डोळ्यांपुढे दिसायची. मीटरमध्ये नुसता आकडा दिसत होता. घंटा झाली तेव्हा माझे निम्मे प्रश्न कोरे होते. उरलेले पेपरही तसेच गेले.

परतीच्या गाडीत मी ती पुस्तिका काढली. शेवटच्या पानावर, तळाशी, एक ओळ होती: या वर्षापासून सर्व विषयांत मेट्रिक मापं वापरली जातील. ती ओळ सात महिने माझ्या ट्रंकेत होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी पोचलो तर वडील ओट्यावर. काठी शेजारी टेकवलेली. "कसा गेला पेपर?"

"सारं मीटरमध्ये होतं, बाबा. मले जमलं नाही."

ते आमच्या दाराकडे बोट करून म्हणाले, "हे चौकट एक मीटर न् पंच्याऐंशी हाय. मले आता पायताच समजते." त्यात फुशारकी नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं की जे त्यांना जमलं ते मला कसं जमलं नाही.

"मंग मले सांगाचं होतं ना, बाबा!" मी ओरडलो. ओरडायचा अधिकार नसताना ओरडलो.

"मले वाटलं, तुले ठाऊकच असन," ते म्हणाले. "तू कालेज शिकेल मानूस. मी इचारलं त तुले राग आला, म्हून मी समजलो का हे तुह्यासाठी लई सोपं हाय."

काही महिन्यांनी निकाल लागला, त्यात माझा नंबर नव्हता. मी अकोल्याला कामावर जात राहिलो आणि पुढं ओव्हरसिअर म्हणूनच कायम झालो. वडील जाईपर्यंत दर रविवारी कोनाड्यातली ती पुस्तकं पुसायचे, आणि मी त्यांना एकदाही सांगू शकलो नाही की आता राहू द्या.