आमच्या दाराला कागद लागला नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. पण परवा असोसिएशनच्या सभेत सेक्रेटरी माइक धरून म्हणाले, करोनात आपली बिल्डिंग एका कुटुंबासारखी राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुटुंबासारखी? कुणाच्या? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि — लाज वाटते सांगायला — मीही वाजवल्या.

आम्ही तंजावरकडचे मराठी, दोन पिढ्या चेन्नईच्या मैलापुरात. घरातलं सोवळं गेलं, ऐट राहिली. त्या पहिल्या उन्हाळ्यात महापालिकेची बाई रोज दारात येऊन विचारायची — ताप? खोकला? हो म्हटलं की दारावर क्वारंटाइनचा कागद चिकटायचा. मागच्या गल्लीत एका घराला तो लागला, तर त्यांची वीस वर्षांच्या ओळखीची माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. आमच्या दाराला कागद? छे!

एका सकाळी माझी डाळ करपून कोळसा झाली. शेजारीण दार ठोठावत आली, तेव्हा मी शेगडीपाशीच उभी होते. वासच आला नव्हता मला. दुपारी कणकण, मग खोकला. कळलं नाही म्हणू? — कळलं होतं. तापाची गोळी घेतली आणि महापालिकेच्या बाईला सांगितलं, सगळे ठणठणीत. आत सेल्वी ते करपलेलं पातेलं घासत होती. नऊ वर्षं आमच्याकडे कामाला होती ती. तिला निदान घरी पाठवावं, एवढंही मला सुचलं नाही. की सुचलं, आणि भांड्यांचा ढीग दिसला?

आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या मामींना करोना निघाला. त्या वाचल्या, पण बिल्डिंगच्या फोनवरच्या ग्रुपवर नुसती आग — आणला कुणी? बँकेतले, कॉलेजातले, गॅलरीत उभं राहून ताटं बडवणारे हे सगळे शहाणे! एकानेही स्वतःच्या घरात डोकावून पाहिलं नाही. सगळी बोटं सेल्वीकडे, कारण ती बिल्डिंगमधल्या चार घरी जायची. पण नक्की कुणालाच माहीत नव्हतं. मग मी लिहिलं — कुणी विचारलंही नव्हतं मला — 'मागच्या आठवड्यात ती खोकत होती.'

ती खोकत नव्हती. खोकत मी होते.

तासाभरात तिची चारही घरं सुटली. तिच्या वस्तीत बातमी पोचली, तर नळावर तिला कुणी घागर लावू देईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना? इथे दोर चोरानेच ओढला.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. पण ती रडत होती. "मन्निच्चिडुंगा अम्मा, माफ करा," ती म्हणाली, "माझ्या अंगात होतं ते मला कळलंच नाही. तुम्हाला काही झालं नाही ना?"

मी घसा साफ केला. "असू दे, सेल्वी," म्हटलं. "चुकतं माणसाचं."

मी तिला माफ केलं.