चुकीच्या मापाचा चोक

माझे सासरे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण फक्त खात्यातून. बाजारातले दुकानदार त्यांना काटेसाहेब म्हणत आणि ते दुरून दिसले की तराजू पुसायला घेत. अजूनही घेतात; साहेब निवृत्त झालेत हे कुणी त्यांना सांगितलेलं दिसत नाही, आणि साहेब स्वतः तर सांगणारच नाहीत. माझी मुलगी जन्मली तेव्हा नर्सने मोठ्या कौतुकाने तिचं वजन सांगितलं. बाबांनी नातीचं तोंड बघायच्या आधी वजनकाट्यावरचा तपासणीचा शिक्का बघितला. त्याची मुदत संपलेली होती. त्यामुळे आमच्या घरात तिचं जन्माचं वजन आजही ‘अंदाजे’ आहे.

अशा माणसाच्या गाडीत चुकीच्या मापाचा चोक निघाला, ही देवाने केलेली थट्टाच म्हणायची. मला ती मनापासून आवडली होती. आवडली म्हणजे, गाडी ढकलायची वेळ येईपर्यंत.

गाडी त्यांच्या वडिलांची. चार दारांची, पोट सुटलेल्या माणसासारखी गोल, फिकट पिवळी. ज्या कारखान्यात बनली तो केव्हाच बंद पडला. बाबांनी ती जिवापाड जपलेली. इतकी की मागच्या सीटवर बसायचं तर आधी खिशातल्या किल्ल्या काढून त्यांच्या हातात द्यायच्या. पण ती सकाळी सुरू होत नसे. कार्बोरेटरच्या तोंडावर हवा अडवणारी एक झडप असते, तिला हलवणारी एक छोटी दांडी असते, हा झाला चोक. इंजिन थंड असताना समोरचं बटण ओढलं की झडप मिटते, हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं आणि गाडी जागी होते. आमच्या गाडीतली दांडी मात्र त्याच कारखान्याच्या दोन दारांच्या गाडीची होती. तिचा वाक वेगळा. त्यामुळे बटण कितीही ओढा, झडप अर्धीच मिटायची. मग नवरा डावीकडून, मी उजवीकडून आणि सासूबाई मागून सूचना देत, अशी आमची वरात फाटकापर्यंत जायची.

“पकडीने जरा वाकवून देतो की, काटेसाहेब,” कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला होता. “आत्ता, उभ्या उभ्या.”

तराजूच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं बाबांनी त्याच्याकडे बघितलं. “वाकवून? म्हणजे खोटी दांडी खऱ्यासारखी दाखवायची?”

“दाखवायची कुठे? आतच असते ती.”

“मला तर माहीत असणार ना!” बाबा म्हणाले, आणि आम्ही पुन्हा ढकलायला लागलो.

हे सगळं एका बिल्ल्यासाठी. आमच्या गावात जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे. नाव अस्सल मोटार मंडळ. वर्षातून एकदा ते गाड्या तपासतं. ज्या गाडीतला एकूण एक भाग मूळचा असेल तिला पितळी बिल्ला मिळतो. तपासतात स्वतः अध्यक्ष, हातात पांढरा मोजा घालून. बाबांची गाडी दरवर्षी सगळ्यात पास व्हायची आणि चोकपाशी अडकायची. दांडीवर नंबर कोरलेला असतो. अध्यक्ष आरशाचा तुकडा आत धरत, नंबर वाचत आणि सुस्कारा सोडत. “काय करणार काटेसाहेब, नियम तो नियम.” दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बाबांनी भांडण काढलं असतं. पण हे वाक्य त्यांनी स्वतः जन्मभर दुकानदारांना ऐकवलेलं. मान खाली घालून परत यायचे. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत. मला तेव्हा त्यांची दया यायची. तोंडाने मी म्हणायचे, “बरं झालं, आता तरी रिक्षाने जाऊ.”

अध्यक्षांची स्वतःची गाडी त्याच कारखान्याची, पण दोन दारांची, लाल. ती सुरू झाली की मागून काळा धूर निघे. मंडळातली माणसं तो धूर छाती भरून घेत. “जुन्या काळचा वास आहे हा,” म्हणत. आमच्या गाडीतून असा धूर आला असता तर तिला रोग म्हटलं असतं. अध्यक्षांच्या गाडीतून आला म्हणून तो थाट झाला. त्या गाडीला मंडळाचा पहिला बिल्ला होता. तो कुणी तपासून दिला, हे विचारण्याइतकं वाईट मंडळात कुणीच नव्हतं.

यंदा तपासणीच्या आधीच्या रविवारी मंडळाची फेरी होती. अध्यक्ष सगळ्यांच्या पुढे, आम्ही मागोमाग. आमची इतक्या पुढे राहायची लायकी नव्हती, पण ढकलत आणलेली गाडी थांबवायची भीती वाटते म्हणून बाबा जागा मिळेल तिथे घुसले होते. टेकडीच्या चढावर लाल गाडीने तिचा सगळा थाट एकदम बाहेर टाकला आणि ती बंद पडली. अध्यक्ष घाम पुसत उतरले. बाबांनी त्यांना विचारलंसुद्धा नाही, सरळ बॉनेट उघडलं, वरची हवेच्या गाळणीची डबी काढली आणि आत वाकले.

बराच वेळ ते वर आले नाहीत. मला वाटलं पाठ धरली. मी जवळ गेले तर ते एक नंबर पुटपुटत होते. तो नंबर आमच्या घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ होता. वर्षानुवर्षं ज्याला ते शोधत होते तो आमचा चोक तिथे बसला होता. त्याच्या दांडीचा वाक त्या गाडीला जुळत नव्हता, म्हणून झडप कधी पुरती उघडत नव्हती, आणि म्हणून तो शाही धूर.

“तुमची आणि माझी गाडी,” बाबा सावकाश म्हणाले, “एकदा एकाच वेळी त्या जुन्या गॅरेजमध्ये उघडून ठेवली होती. आठवतंय? तिथल्या मेकॅनिकने अदलाबदल केली. माझा तुमच्यात, तुमचा माझ्यात.”

अध्यक्षांनी आधी मागे उभ्या असलेल्या मंडळाकडे बघितलं, मग बॉनेट खाली ओढलं. “हळू बोला,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या शेडमध्ये होतो. दार आतून लावलेलं. बाबांनी मला बॅटरी धरायला नेलं होतं, कारण नवऱ्याचा हात हलतो आणि माझं तोंड तेवढं हलतं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. बाबांनी दोन्हींच्या तारा सोडवल्या, स्क्रू काढून वेगवेगळ्या झाकणांत ठेवले, चोक उचलून पेट्रोलने धुतले आणि ज्याचा त्याला बसवला. सांध्यात हवा अडवणारं खालचं गास्केट फाटलं होतं, ते जाड कागदातून नवीन कापलं. तार ओढली. झडप टक् करून पुरती मिटली. बाबांनी ती पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. त्यांचे डोळे भरून आले होते. मी बॅटरी दुसरीकडे फिरवली.

दोन्ही गाड्या पहिल्या झटक्यात सुरू झाल्या. लाल गाडीतून धूर येईना, तेव्हा अध्यक्षांचा चेहरा थोडा पडला.

“दोघांचंही भलं झालं,” ते म्हणाले. “आता फक्त कुणी विचारलं, तर सांगायचं, जुन्या बाजारात मिळाला.”

“पण तो तुमच्या गाडीत होता.”

“होता. पण ते चारचौघांत सांगितलं तर मंडळाची अब्रू जाईल. मग बिल्ल्याला काय किंमत राहील? तुमच्यासुद्धा.”

बाबांनी स्क्रूड्रायव्हर पुसून पेटीत ठेवला. घरी येताना गाडी लोण्यासारखी चालत होती.

तपासणीच्या दिवशी अध्यक्षांनी पांढरा मोजा चढवला, आरसा आत धरला आणि नंबर मोठ्याने वाचला. टाळ्या पडल्या. सासूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. मग मंडळाच्या चिटणिसाने हौसेने विचारलंच, “काटेसाहेब, मिळाला कुठे हो शेवटी?”

मी बाबांकडे बघत होते. ज्या माणसाने नातीचं वजन मान्य केलं नाही, तो आता काय करतो ते मला बघायचं होतं. खरं सांगते, त्यांनी अध्यक्षांचं नाव घ्यावं म्हणून मी मनात देवाला हात जोडले होते.

“जुन्या बाजारात,” बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक की चिटणिसाने पुन्हा विचारलं, आणि त्यांना ते दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं.

बिल्ला चिकटवायचा नसतो, स्क्रूने बसवायचा असतो, असा मंडळाचा नियम. तिथल्या तिथे ड्रिल आणून समोरच्या पत्र्याला दोन भोकं पाडली. ड्रिलचा आवाज होत असताना बाबांनी तोंड फिरवलं होतं.

आठवड्याभराने अध्यक्षांचा फोन आला. बाबा उभे राहून ऐकत होते. “नको,” म्हणाले. “नाही, तब्येत बरी आहे. तरी नको.” आणि ठेवून दिला.

“काय म्हणत होते?” सासूबाईंनी विचारलं.

“मला परीक्षक करतात म्हणे. त्यांच्या बरोबरीने.”

“अहो, मग नको का म्हणालात? जन्मभर दुसरं काय केलंत?”

“मी कोणत्या तोंडाने कुणाची गाडी परत पाठवू?”

“ते पाठवतात ना!” मी म्हणाले. माझा तोल गेला होता. “त्यांना आहे ना तोंड!”

“ते बरोबर आहे,” बाबा शांतपणे म्हणाले. “त्यांचं खोटं आता मलाही माहीत झालंय, म्हणून तर त्यांना मी शेजारी हवा आहे.”

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन ते बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला आणि समोर उभं राहून पत्र्यावरच्या त्या दोन भोकांवरून बोट फिरवत राहिले. कारखान्यातून निघालेल्या गाडीला ती भोकं नव्हती.