सगुण मास्तरांचा शेवटचा खेळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे नाही, चार घोट पोटात गेल्यावरही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतोय की काय — कोण जाणे.

पेडण्याच्या बाजारात माझं व्हिडिओचं दुकान होतं. आधी कॅसेटी, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. नवा माल आला की लोक विचारायचे, काय चांगलं आहे आणि कशात घेऊ. हाणामारीचा सिनेमा असला तर मी सांगायचो, व्हीसीडी भाड्याने न्या, एकदा बघितला की संपला. गाण्यांचा असला, घरातली म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा लावणार असली, तर डीव्हीडी विकतच घ्या, मध्येच उठून दुसरी डिस्क घालायला नको. मोपाहून एक बाई यायच्या, त्या सिनेमाचं नावही विचारत नसत. मी देईन तो पिशवीत टाकून जायच्या. मी कधी कुणाला खराब प्रिंट दिली नाही. हे का सांगतोय? माझी बढाई म्हणून नाही. माझ्या शब्दावर लोक डोळे मिटून विसंबायचे — आणि तोच शब्द मी एका माणसावर हत्यारासारखा चालवला.

त्या माणसाचं नाव सगुण मास्तर. दशावतारी कंपनीचे मालक, आणि राजाचं काम करणारे. माझे बाबा त्यांच्याच कंपनीत राणी व्हायचे. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची जत्रा. बाबांना ताप होता, घसा बसला होता, तरी साडी नेसून उभे राहिले. बोलताना अडखळले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. सगुण मास्तरांना काय सुचलं? त्यांनी बाबांची हनुवटी धरून तोंड लोकांकडे वळवलं आणि म्हणाले, "राणी, तुला आता मिशी फुटली. माहेरी जा."

सगळं मैदान हसलं. मीही हसलो. विचार न करता, सगळे हसले म्हणून — पण हसलो. बाबा पडद्यामागे गेले, साडी सोडली आणि रंगलेल्या तोंडानेच घरी चालत आले. पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही. काजूच्या हंगामात भट्टीवर राबायचे, एरवी अंगणात गप्प बसून असायचे. त्यांची ती गप्प पाठ बघत मी मोठा झालो. माझं ते हसू मला पुसता येईना, म्हणून मी सगळा राग सगुण मास्तरांवर साठवला. जपला. वाढवला.

मग किती वर्षांनी तरी मास्तर माझ्या दुकानात आले. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता, नुसता वारा यायचा. मी कुणाचा मुलगा हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानातलं एकुलतं कदेल मी त्यांना बसायला दिलं. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. वास्कोच्या जावयाने त्यांचा शेवटचा खेळ चित्रित केला होता.

"माजो आवाज ह्या टेपीत तेवढो उरला," ते कुजबुजले. "खंयच्या डिस्कार घालूं? तूंच सांग."

माझ्याकडे चांगल्या कंपनीच्या कोऱ्या डिस्क होत्या. आणि एका खोक्यात बिननावाच्याही पडून होत्या. म्हापशाच्या एका विक्रेत्याने गळ्यात मारलेल्या. त्या दोन पावसाळे टिकत नाहीत हे मला पुरतं माहीत होतं. मी खोक्यातली एक काढली आणि म्हणालो, हीच घ्या, नव्या तऱ्हेची आहे. दोन करून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कशाला, एक जन्मभर पुरेल. कॅसेट परत नेऊ नका, बुरशी धरली की मशीनही बिघडवते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला किळस आली — आणि आनंदही झाला. हो, आनंद.

डिस्कवर उतरवायला खेळ सगळा लावावा लागतो. शटर ओढून मी बघत बसलो. राजा मरतो तो प्रसंग आला. मास्तर बाकड्यावर नुसते टेकले, आवाज खाली आणत आणत नेला, आणि समोर बसलेलं एकही माणूस हललं नाही. इतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तुम्हाला वाटेल, इथे मी थांबलो असेन. त्याच कॅसेटवर मी नुकताच आलेला एक सिनेमा भरला आणि दुसऱ्या दिवशी ती भाड्याने दिली.

पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर मास्तर आले. डिस्क रुमालात बांधून आणली होती. आधी चित्र चौकोन चौकोन होऊन फुटायचं, आता काहीच येत नव्हतं. मी ती उन्हाकडे धरून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, तुमचा प्लेअर जुना झाला असेल. त्यांनी माझ्याच सांगण्यावरून नवा प्लेअर घेतला. त्यातही काही दिसलं नाही तेव्हा त्यांनी कॅसेट मागितली. मी म्हणालो, बुरशी लागली, टाकली.

बाबांचं नाव त्यांच्या तोंडावर फेकायचं, हे मी वर्षानुवर्षं ठरवून ठेवलं होतं. फेकलं का? नाही. तेवढीही हिंमत झाली नाही. ते नशिबाला दोष देत गेले आणि मी पाठमोऱ्या त्यांना बघत राहिलो.

त्यानंतर एक दिवस बाबा दुकानात आले. ते कधी येत नसत. उभ्यानेच म्हणाले, "सगुणाचो निमाणो खेळ तुज्याकडेन आसलो म्हणटात. माका दाखय."

मी म्हणालो, खराब झाला.

"तसो राजा परत जावचो ना," बाबा म्हणाले, म्हणजे तसा राजा पुन्हा होणार नाही. "एकदा पळोवपाचो आसलो." आणि पायरी उतरून गेले.

दोघेही आता नाहीत. बाबा आधी गेले, मास्तर नंतर. मास्तर गेले त्या दिवशी बाजार बंद होता. माझं दुकान उघडं होतं.