काकूंची छत्री आणि गावाचे खांब

गेल्या साली, पंचावन्नच्या विश्वकर्मापूजेच्या दुपारी, आमच्या नगरपालिकेच्या सभेतून साठी उलटलेल्या एका बाईला दंडाला धरून बाहेर काढलं. ती त्या सभेची निवडून आलेली सभासद होती. गुन्हा एवढाच, की गावाचं वीजघर विकायला निघालेल्या माणसांसमोर ती खाली बसायला तयार नव्हती.

हे आधी सांगून टाकतो. कारण काकूंचा विषय निघाला की लोक छत्रीपासून सुरुवात करतात आणि सगळंच हसण्यावारी नेतात.

छत्री होतीच. काळी, वेताच्या मुठीची. कलकत्त्याहून बजबजला जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या नदीकाठच्या गावात संध्याकाळी दिवे लागले की काकू फिरायला निघायच्या आणि वाटेतल्या प्रत्येक विजेच्या खांबावर छत्रीचं टोक ठोकायच्या. लोखंड ठण्णकन वाजायचं. "हा आपला." पुढचा खांब. "हा आपला." ज्यूट मिलच्या साहेबांचे बंगले आले की छत्री काखेत जायची. तिथले खांब मिलच्या मालकीचे. "त्यांचे ते ठोकतील," काकू म्हणायच्या.

जन्म कलकत्त्यातला. नवरा मिलमध्ये ओव्हरसियर होता, तो लवकर गेला. मग काकूंनी मुलींच्या शाळेत शिकवलं. गाव त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायचं; आम्ही मराठी घरं काकू म्हणायचो. वीजघर नगरपालिकेने लढाईच्या आधी उभं केलं ते लोकांच्या वर्गणीतून, आणि त्या वर्गणीसाठी काकू दारोदार हिंडल्या होत्या. मजुरांच्या वस्तीत दिवे नेले तेही त्यांनीच, भांडून. मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की तिथल्या बायका नळावर जात, आणि नळापाशी मिट्ट अंधार असे. त्या अंधारात काय काय होई ते काकूंनी भर सभेत सांगितलं होतं. पुरुष सभासद खाली मान घालून बसले होते.

आता तेच वीजघर एका कंपनीला हवं होतं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: ज्या गल्लीतून पैसा येत नाही, त्या गल्लीत दिवा नाही.

या विक्रीविरुद्ध मी पत्रकं लिहायचो. पहिलं पत्रक काकूंना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"हे रक्तपिपासू कोण?"

"कंपनी, काकू."

"रक्त काढ बाबा यातलं. नळावरचा दिवा घाल. लोकांना तो दिसतो."

मी रागावलो. पण रक्त काढलं.

कलकत्त्यात, बालीगंजला एका मराठी घरी सत्यनारायण होता. तिथे बदलीवर आलेले एक साहेब काकूंना समजावू लागले. "काकू, खाजगी हातात काम चोख होतं. नगरपालिका म्हणजे नुसता गोंधळ."

"चोख होईल हो. तुमच्या गल्लीत."

"आणि आपण पडलो परके. बंगाल्यांचं ते बघून घेतील."

काकूंनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. "तुम्ही परके असाल. माझी बाळंतपणं त्या गावात झालीत. दोन मुलं तिथल्याच घाटावर पोचवलीत. मी कुठली ते तुम्ही सांगा."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

विश्वकर्मापूजेला बंगालमध्ये यंत्रं थांबवतात, धुऊनपुसून हार घालतात, कामगार पतंग उडवतात. त्याच दुपारी सभा होती, विसर्जनाच्या घाटाच्या डागडुजीसाठी. एरवी प्रत्येक सभेला आम्ही वीजघरातले कामगार नेऊन सभागृह भरून टाकायचो. मी विचारलं, "आज माणसं आणू?"

"पूजेच्या दिवशी? अरे, आपण दसऱ्याला हत्यारं पुजतो. पुजलेलं हत्यार त्याच दिवशी कोणी बाजारात नेतं का? पोरांना पतंग उडवू दे."

काकूंची चूक झाली ती इथे. ज्या माणसांनी सकाळी यंत्रांना हार घातले, ती दुपारी त्यांचा सौदा करणार नाहीत असं त्या धरून चालल्या. घाटाचा विषय संपताच अध्यक्षांनी विक्रीचा ठराव पुढे केला. विरोधातले तीन सभासद पूजेला गेले होते. काकू एकट्या उभ्या राहिल्या.

"मासीमा, बसा. शुभ दिवस आहे."

"म्हणूनच उभी आहे."

शिपायांना बोलावलं. त्यांतला एक दंडाला धरताना पुटपुटत होता, "मासीमा, माझ्यावर राग धरू नका."

बातमी कळून मी धावत पोचलो तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. माझ्या हातात प्रसादाच्या खिचडीचं पान तसंच होतं. "खाऊन घे आधी," त्या म्हणाल्या.

आम्ही घराकडे निघालो. दिवे लागत होते. पहिल्या खांबापाशी काकूंनी छत्री उचलली, आणि ती तशीच राहिली. मग खाली आली.

"काकू, करारावर सह्या व्हायच्यात अजून."

"माहीत आहे. पण ठराव झालाय ना. खांबाशी खोटं कसं बोलू?"

घर येईपर्यंत छत्री काखेतच होती.

या थंडीत काकू गेल्या. ज्या घाटाच्या डागडुजीसाठी ती सभा होती, तिथेच त्यांना नेलं. वाटेत वस्तीतल्या बायका नळापाशी उभ्या होत्या, भर दिवसा, घागरी न घेता.

सह्या अजून झालेल्या नाहीत. सगळे सभासद हजर असले तर ठराव फिरवता येतो, फक्त एक मत कमी पडतं. ते काकूंचं. त्यांच्या जागेची निवडणूक येत्या रविवारी आहे.

तुम्हा मराठी मंडळींतले बरेचजण मिलमध्ये, रेल्वेत, गोदीत नोकरीला आहेत आणि आमच्या वॉर्डात राहतात. बदली होईल तेव्हा होईल. यादीत नाव आज आहे. मत मागायला जो येईल त्याला चहा देऊ नका. त्याला गल्लीतल्या खांबाशी न्या, खांबावर हात ठेवायला लावा आणि तो कोणाचा ते चार शेजाऱ्यांसमोर त्याच्या तोंडून ऐका. 'आपला' म्हणायला जो अडखळेल, त्याला पाडा.