गळ्यातली किल्ली

टेक्सासमधल्या प्लेनो शहरात आमच्या समोर एक टेक्सन आजी राहायच्या. त्यांची नात आमच्या ईशाच्या वर्गात. ईशाला खेळायला बोलवायच्या आधी त्या स्वतः आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात बंदुका आहेत. मुलीला पाठवण्याआधी तुम्ही एकदा बघून जा."

मी संकोचतच गेले. बेडरूममध्ये लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या साखळीत. कुलूप त्यांनी मला ओढून बघायला लावलं.

"या बंदुका माझ्या वडिलांच्या, हरणांच्या शिकारीच्या. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून गल्लीत बऱ्याच जणांनी घेतल्यात, पण भीतीपोटी. त्या उशाशी असतात, आणि कुणी कुणाला विचारत नाही." मग थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडे?"

"नाही," म्हणताना मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. कपाटाकडे एकदा बघून म्हणाल्या, "मग मुली तुमच्याकडेच खेळू देत."

स्वतःच्या कुलपावरही न विसंबणारं इतकं सरळ माणूस मी तिथे दुसरं पाहिलं नाही. पुढे ईशा कुणाकडेही खेळायला निघाली की मी आधी फोन करून घरात बंदूक आहे का, ते विचारायचे. विचारताना जीभ अडखळायची. मग ती किल्ली आठवायची, आणि मी विचारायचेच.